जागच्या जागी

खासनीस गॅरेजमधून नाहीसे झाले. पण ते सोडा, असं काही झालंच नाही.

खासनीसांनी भिंतीवर प्रत्येक अवजाराभोवती खडूने रेघ मारली होती. काय जागेवर नाही ते चटकन कळावं म्हणून. अंधार पडायच्या आत प्रत्येक वस्तू जागेवर टांगायची, हा नियमही त्यांचाच. आज हातोडी-करवतीच्या मध्ये नवी आकृती उमटली होती: टक्कल, ढेरी, डावा खांदा जरा खाली. वर दोन खिळे.

"कुमुद, हे तू काढलंस?"

"मी कशाला? ढेरी मात्र हुबेहूब आलीय," म्हणत बायको देवापुढे दिवा लावायला गेली.

त्यांनी ओलं फडकं फिरवलं. हातोडीची रेघ पुसली गेली, खासनीसांची आणखी ठळक झाली.

बाहेर अंधारत होतं. त्यांनी घाईने आकृतीखाली लिहिलं: "सदर वस्तू घरात नित्य वापरात असल्याने तिला टांगण्यातून सूट मिळावी, ही नम्र विनंती."