परवानगी

कळा याव्यात म्हणून सकाळी सलाईन लावलं, तेव्हापासून ती नर्सच्या मागे लागली होती, "सिस्टर, माझ्या नवऱ्याला आत घ्या ना." साथीचे दिवस होते, बाळंतपण जवळ आल्याशिवाय कुणालाही आत सोडत नव्हते. "नियम म्हणजे नियम," नर्स बजावायची. नवरा फाटकाबाहेर ताटकळत होता. दुपारी यंत्रावर बाळाचे ठोके मंदावले. नर्सने आकडा पाहिला, सलाईन बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली. आणि तिच्या कपाळावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "बोलावते हं त्यांना." कळा अजून धड सुरूही नव्हत्या, मग नियम कसा मोडला? नवरा मास्कआडून हसत धावतच आला. "सोडलं बुवा एकदाचं! बघ, म्हटलं नव्हतं मी येणार म्हणून?" तिने त्याचा हात गच्च धरला. का सोडलं, हे सांगायला तिची जीभ रेटेना.