खिंडीतला दगड

अंबरनाथला कारखाने निघाले आणि वाडीतले गडी तिकडे जाऊ लागले, तशी डोंगराची वाट कारवीने गिळली. गोमा मात्र मधासाठी एकटाच वर गेला, तो परतलाच नाही. वर्षाने त्याची बायको सरू निघाली, तेव्हा सासू म्हणाली, “वाट बी रायली नाय, पोरी. आता कुनाला हुडकशील?” कारवी मोडत, मुळं धरून कातळ चढत सरू खिंडीतल्या जांभळीखाली पोचली. वर जाणाऱ्याने इथे आपला दगड ठेवायचा, उतरताना उचलायचा, ही वाडीची रीत. म्हणजे वर कोण राहिलं ते कळतं. तिथे एकच दगड होता, गोमाचा. तिने शेजारी आपला ठेवला. माथ्यावर जाऊन जन्मात न घेतलेलं नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. कुणी ओ दिली नाही. उतरताना ती जांभळीखाली वाकली. गोमाचा दगड ओटीत घेतला. आपला तिथेच राहू दिला.