घरचा हात

गढीवरची वेठ टाकून पळालेला तो माणूस सकाळी दारात येऊन पाया पडला, आणि ठकूबाईला दया आली. तिनं त्याला घरात घेतलं. सून सारजा मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

दुपारी त्याला हुडकत गढीवरचा नवा जमादार आला. ठकूबाई डगमगली नाही. "ह्यो माजा ल्योक हाय, सोपान. दोन सालानं कालच हैदराबादेहून आलाय."

जमादाराची नजर अंगणातल्या हरण्या कुत्र्यावर गेली. लांबट तोंड, पाठीला लागलेलं पोट, हरणासारखे पाय.

"कारवान कुत्रं हाय हे," तो म्हणाला. "काफिल्यांसंगं इकडं आलेली जात. घरच्या माणसाबिगर कुणाचा हात अंगाला लागू देत न्हाई. घरचा हायेस ना बे? मग लाव हात."

सारजाची थापती भाकरी हातातच फाटली. ठकूबाईनं डोळे घट्ट मिटून घेतले.

त्या माणसानं वाकून हरण्याच्या पाठीवर हात ठेवला. हरण्यानं एकदा वर पाहिलं आणि शेपूट हलवत आपली लांब मान त्याच्या मांडीला घासली.

जमादार घोड्यावर बसून निघून गेला.

टापा ऐकू येईनाशा झाल्या, तशी ठकूबाईनं दाराला आतून कडी घातली. त्या माणसाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. चुलीपुढं येऊन बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"सारजे, हरण्याला ह्याचा हात कवापासून वळकीचा हाय?"