फराळाचा डबा

कुमुदताईंनी कुरिअरच्या दुकानातल्या पडद्यावरच्या फॉर्ममध्ये मुलाचं नाव लिहायला घेतलं. पूर्वी दोन अक्षरं लिहिली की खाली पाच-सहा पत्ते यायचे. यंदापासून कुठे कोणाची वाट पाहिली जाते ते घराघरांतली यंत्रंच कुरिअरला कळवत होती, आणि जिथे पाठवणाऱ्याची वाट पाहिली जाते तेवढेच पत्ते दिसत होते.

आज एकच पत्ता आला.

"अगं, हा तर माझाच आहे," त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या.

"काकू, यादीबाहेरचा पत्ता घेताच येत नाही हो. डबा परत नेता का?"

चकल्या त्यांनी मुलाला आवडतात तशा तिखट केल्या होत्या.

"नको. टाक हाच पत्ता."

तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्या दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. दुपारी बेल वाजली. कुमुदताईंनी घाईघाईने केस सारखे केले आणि मगच दार उघडलं.