दहा लाख तीन

“नऊशे सत्त्याण्णव,” गुलाब मास्तर म्हणाले. “हा शेवटचा. ह्यानं भाग गेला न्हाय, तर कशानंच जात न्हाय.”

“अन् हजाराच्या पुढं?”

“पुढचा भाजक असला, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत असतोच. एकटा कुणी नसतो.”

त्यांच्या बायकोनं, चांगुणानं, खडूनं भिंतीवर १०,००,००३ मांडले. हजाराच्या आतल्या मूळ संख्या तेवढ्या एकेक घेत, दहा महिन्यांतला हा एकशे अडुसष्टावा भागाकार. एरवी भिंत आठवड्याला सारवली जायची. पण तामलवाडीत प्यायलाच टँकरचं पाणी, सारवणार कशानं? दोनाच्या भागाकारापासून सगळं तसंच उभं होतं, पार आढ्यापर्यंत.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती लेक रतन तापानं गेली. चांगुणानं अंथरूण धरलं, बोलणं टाकलं. भाकरी पुढं ठेवली की तोंड फिरवायची. तेव्हा मास्तरांनी गळ घातली. “माझे डोळे तर गेले. ह्या आकड्याला कुणी भाजक हाय का, एवढं मरायच्या आत कळू दे. मी सांगतो, तू मांड.”

तिला आकडे तेवढे यायचे. नवऱ्याची हौस राहून जायला नको म्हणून ती उठली. आधी चिडली, रडली, मग हट्टाला पेटली. चुलीवर भाकरी करपायची आणि हिचा तोंडानं सतराचा पाढा चालू! बाकी चुकली की मास्तर नुसतं ऐकून म्हणत, “परत कर.” केवढं डोकं ह्या माणसाचं, असं तिला वाटे, आणि त्यांच्यासाठी जीव तुटे.

बाकी उरली बारा.

“न्हाय जात वो!” ती ओरडलीच.

“म्हंजे मूळ संख्या.” मास्तर हसले. “झालं माझं समाधान.” आणि काठी टेकत ते ओट्यावर जाऊन बसले.

उत्तराखाली रेघ ओढायची होती, पण खडू संपला. तिनं त्यांची शाळेची जुनी पेटी उघडली. खडूच्या डब्याखाली एक पिवळी पडलेली वही होती. अक्षरं तिला वाचता येईनात, पण तो आकडा तिनं झोपेतही ओळखला असता. दहा लाख तीन. दोनानं बाकी एक, तिनानं एक, पाचानं तीन, सातानं चार. ती पानं उलटत गेली. शेवटच्या पानावर नऊशे सत्त्याण्णव, बाकी बारा. खाली साल होतं, १९५१. तेव्हा मास्तरांचे डोळे धडधाकट होते.

चांगुणा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. डोळे वाहत होते, ते तिनं वाहू दिले. मग वही होती तिथं ठेवली, वर खडूचा डबा ठेवला आणि बाहेर जाऊन नवऱ्याशेजारी बसली.

“अवो,” त्यांचा हात हातात घेऊन ती म्हणाली, “आता दुसरा आकडा सांगा. ह्याच्याहून लई मोठा.”