दुपारी दोन ते पाच

“काहीच बदललं नाही,” सासरे तिसऱ्यांदा म्हणाले. “तीच गच्ची, तीच खुर्ची, तीच दुर्बीण. आण तो कागद इकडे, सही करतो.”

सुनेला हायसं वाटलं. उद्या परिषदेत तिचा निबंध होता. तीन वर्षांची मेहनत, आणि सगळी भिस्त सासऱ्यांच्या एकतीस वह्यांवर. सासरे हवामानाचे निरीक्षक. घर टेकडीवर, समोर मैलोन् मैल सपाट माळ. लांब कुठे आभाळातून टोर्नेडोची सोंड खाली उतरली, की तारीख, वेळ आणि दिशा वहीत. नाही उतरली, तर ‘निरंक’. एकतीस वर्षांत एकही दिवस कोरा नाही, हे ते आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवत. पाहुण्यांच्या हातात चहाचा कप आला की यांच्या हातात वही आलीच म्हणून समजा.

निबंधाचा आलेख दृष्ट लागण्यासारखा होता. पहिली तेरा वर्षं वर्षाला चार-पाच टोर्नेडो. चौदाव्या वर्षी एकदम अठरा, आणि पुढे तसेच. पृथ्वी तापते आहे, म्हणून टोर्नेडो वाढले, असं तो आलेख ओरडून सांगत होता. फक्त परिषदेला निरीक्षकाची सही हवी होती, की बघण्याची पद्धत मध्ये कधी बदललेली नाही. अध्यक्षस्थानी जे म्हातारे प्राध्यापक बसणार होते त्यांना सगळे चाळणी म्हणत. त्यांच्या तावडीतून बारीकसा खडाही सुटत नसे.

“वाढलेले सगळे दुपारी दोन ते पाचमधले आहेत, आई,” सून उत्साहाने सासूबाईंना सांगत होती. “हवा तापते ती तेव्हाच ना! आणि एक गंमत सांगू? आधीच्या तेरा वर्षांतले बहुतेक टोर्नेडो रविवारी आलेत. योगायोग बघा कसा असतो!”

सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. जन्म शाळेत गेलेला, त्यातही शेवटची वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. त्यांच्या घरात भांडीसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत उभी असायची. त्यांचा हात थांबला.

“रविवारी?”

“हो.”

“आणि हे वाढले ते कोणत्या वर्षापासून?”

सुनेने वर्ष सांगितलं. सासूबाईंनी शेंग खाली ठेवली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, सही करू नका. सूनबाई, तू जरा आत ये.”

स्वयंपाकघरात त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. शाळेतल्या कोणी त्यांना असं कधीच पाहिलं नसेल. “सांगू की नको, असं झालंय बघ. तुझी तीन वर्षं आहेत यात. मी गप्प बसले, तर कुणाला काही कळायचं नाही.”

सुनेने दाराबाहेर पाहिलं. बाहेर टेबलावर तो कागद होता आणि सासरे पेन उघडून बसले होते. एक सही, की काम फत्ते. नका सांगू, असं म्हणायचा मोह तिला झाला, अगदी खरोखर झाला.

“सांगा, आई,” ती म्हणाली.

सासूबाईंनी सांगितलं. सून आधी पांढरीफटक पडली. मग तिला हसू फुटलं, आणि ते इतकं आवरेना, की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. सासूबाईही डोळे पुसत हसू लागल्या. “काय चाललंय काय?” म्हणून सासरे आत डोकावले, तशा दोघी पुन्हा सुरू झाल्या. शेवटी त्यांनाही सांगावं लागलं. ते कान खाजवत म्हणाले, “पण मी खोटं काही लिहिलं नाही हं. जे दिसलं नाही, ते निरंक.”

संध्याकाळी तिने सगळा निबंध मोडला आणि नव्याने बांधला.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली सव्वादोनला, जेवणं झाल्यावर. सभागृह सुस्तावलं होतं. पहिल्या रांगेत सासरे नवा कोट घालून बसले होते. शेजारी सासूबाई, ताठ.

तिने आलेख पडद्यावर लावला. उडी बघून लोक सावरून बसले.

“हवा तापते आहे, यात वाद नाही,” ती म्हणाली. “पण त्यामुळे टोर्नेडो जास्त वेळा येतात का, हे या वह्यांवरून सांगता येत नाही. चौदाव्या वर्षापासून पुढचंच बघितलं, तर आकडा वाढलेलाही नाही आणि घटलेलाही नाही. कालपर्यंत मी छातीठोकपणे वेगळंच सांगणार होते.”

कुजबुज झाली. चाळणींनी चष्मा कपाळावर चढवला. “अहो बाई, मग ही एवढी मोठी उडी कसली? त्या वर्षी झालं तरी काय?”

सुनेने पहिल्या रांगेकडे पाहिलं. सासऱ्यांची हनुवटी कोटाच्या कॉलरवर टेकली होती. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परम समाधान. तेवढ्यात सासूबाईंचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. ते दचकून ताठ झाले आणि सवयीने छताकडे बघू लागले.

“त्या वर्षी माझ्या सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्या,” ती म्हणाली. “तोपर्यंत दुपारी माझ्या सासऱ्यांना जागं ठेवायला घरी कोणीच नसायचं. रविवार सोडून.”