सहीच्या आधी मोटार

"सही नंतर. आधी मोटार चालू करा," महामाया म्हणाली.

लातूरच्या त्या गल्लीत, अकराच्या उन्हात, स्कूटरच्या सीटवर कागद पसरला होता : घर पाहिले, तक्रार नाही. कर्ज मंजूर करून आणायला या नर्सबाईला दीड वर्ष लागलं होतं. मंजुरीची मुदत आज संपत होती आणि साडेबाराला रजिस्ट्रीचा नंबर होता.

"सिस्टर, घर देतोय हेच लई समजा," घरमालक गुरुपादप्पा म्हणाला. "या गल्लीत दुसऱ्या कुणी तुम्हाला उंबरा तरी चढू दिला असता काय?"

"उंबऱ्याचं मी बघते. तुम्ही पाण्याचं दाखवा."

"पाणी? सातशे फूट बोअर हाय!"

सातशे फूट म्हणजे थट्टा नाही. त्या भागात एवढं खोल गेलं की पाणी लागत नाही, खालच्या देशातला माणूस "कोण हाय रे?" म्हणून ओरडतो. शेजारच्या ज्ञानोबांच्या बोअरमधून तर नुसती धूळ निघते, अन् तीसुद्धा आठ दिवसांआड.

बँकेचा एजंट बालाजी घड्याळ दाखवू लागला. "मॅडम, मुदत गेली तर फाईल पुन्हा पहिल्यापासून. पाण्यापायी घर सोडता काय?"

"तू गप रे. हप्ते वीस वर्षं मला भरायचेत, तुला न्हाई."

गुरुपादप्पानं तोंडातल्या तोंडात शिवी हासडली आणि बटण दाबलं. पाइप खोकला, गुरगुरला आणि पाण्याची अशी धार फुटली की समोर वाळत घातलेलं लुगडं उडून गल्लीच्या टोकाला जाऊन पडलं.

"बघा! डोळे फाडून बघा! आता करा सही अन् तोंड बंद ठेवा."

महामायानं पेन उघडलं.

तेवढ्यात आतून गुरुपादप्पाची आई, पार्वतम्मा, घागर घेऊन धावत आली. ऐंशीची बाई, एरवी भिंत धरून चालणारी.

"गुरुपादा! आरं पाणी! चार वर्षांनी पाणी!"

"अव्वा, आत जा."

"सकाळी तू दोन टँकर बोअरमधी ओतलेस, तवा मी तुला लई शिव्या दिल्या रे. मला काय ठावं, त्यानं झरा जागा हुईल!" तिनं घागर खाली ठेवून ओले हात लेकाच्या गालावरून फिरवले, मग महामायाकडं वळली. "बाई, राग धरू नका. पाणी न्हाई म्हून घर इकत होतो. आता आमी न्हाई इकत."

गुरुपादप्पाचा हात बटणाकडं गेला.

"हात लावू नका," महामाया म्हणाली. तिनं पेनाला टोपण लावलं, वाकून म्हातारीची घागर उचलली आणि पाइपाखाली धरली.

धार बारीक होत चालली होती. म्हातारी दुसरी घागर आणायला आत पळाली होती.